फोरमनचा वळसा

सोमनाथने ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्याला वाटले, बोक्याच्या पायाला काही लागले असावे. गुरुवारची दुपार होती. पुंडलिकनगरातल्या आईच्या घरी तो भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. निवृत्तिवेतनाच्या अर्जावर आईची सही हवी होती, आणि आई आत चहाचे आधण ठेवत होती. बोका खिडकीच्या गजांतून आत उतरला, क्षणभर थांबला आणि स्वयंपाकघराकडे निघाला. खिडकीपासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आता सरळ मोकळी फरशी होती. तिच्यावर काडीही नव्हती. तरी बोका सरळ गेला नाही. भिंतीच्या कडेने तो चार पावले गेला, एका ठरावीक फरशीशी डावीकडे वळला, मग कपाट आणि खाट यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेतून अंग चोरून, मिशा मागे घेऊन, लोंबत्या चादरीखालून जावे तशी पाठ किंचित वाकवून पुढे सरकला, आणि पायथा ओलांडल्यावर सुटल्यासारखा शेपूट उंच करून आत शिरला. त्या खोलीत खाट नव्हती. वडिलांचे, आप्पांचे, दिवस घातल्यानंतर दुसऱ्याच दिवशी ती लोखंडी खाट त्यांच्या कंपनीतल्या जुन्या सोबत्याला, पुंजारामला, देऊन टाकली होती. गादी त्याआधीच गेली होती. फरशीवर फक्त चार पायांचे चार फिकट गोल डाग उरले होते. आप्पांना जाऊन एक्केचाळीस दिवस झाले होते, आणि त्यांच्या बोक्याच्या लेखी खाट होती तिथेच होती.

बोक्याचे नाव फोरमन. ते आप्पांनी ठेवले होते, कारण तो काम करीत नाही, नुसता उंचावर बसून इतरांच्या कामाकडे नाराजीने पाहतो, असे त्यांचे म्हणणे. वाळूजच्या एका कारखान्यात एकतीस वर्षे पत्रा दाबणाऱ्या पॉवर प्रेसवर काढलेल्या आप्पांना, कडूबा त्यांचे नाव, आयुष्यात मुकादमी करणाऱ्या फोरमनवर करण्याजोगा विनोद एवढा एकच मिळाला, आणि तो त्यांनी पुरवून पुरवून वापरला. "फोरमनसाहेब आले, हात चालवा," ते सोमनाथच्या आईला, भागूबाईला, म्हणत. या बोक्याच्या करामती घरात पुराणासारख्या सांगितल्या जात. दुसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून पडूनही तो चारी पायांवर उतरला होता. दुधाच्या पिशवीला कात्री लागल्याचा आवाज त्याला तीन घरे पलीकडे ऐकू येई. सोमनाथची मोटरसायकल मोठ्या रस्त्यावरून गल्लीत वळण्याआधीच तो गजांशी येऊन बसे आणि आई चहाचे पाणी वाढवी. सोमनाथला अशा सांगीवांगीच्या गोष्टींत रस नव्हता. तो पुरावे मागणारा माणूस होता. म्हणून त्याने बसून वाचले होते, आणि जे वाचले ते पुराणाहून विलक्षण निघाले. एखादी मांजर अडथळा पुढच्या पायांनी ओलांडून थांबली, आणि तेवढ्यात तिला न दिसता तो अडथळा काढून घेतला, तरी पुन्हा चालू लागताना तिचे मागचे पाय त्याच उंचीपर्यंत उचलले जातात. नसलेली वस्तू ती ओलांडते. डोळ्यांना जे विसरणे परवडते ते तिच्या पायांना परवडत नाही. हे त्याने आप्पांना वाचून दाखवले होते, आणि आप्पा म्हणाले होते, "त्यात काय? आमच्या खात्यात समद्यांचंच तसं व्हतं."

चहा झाला, सही झाली, तो निघाला. शहराच्याच सातारा परिसरातल्या आपल्या घराकडे जाताना उड्डाणपुलावर त्याच्या ध्यानात आले, की तो एक आकृती मनात पुन्हा पुन्हा काढीत आहे: साडेसहा फूट लांब, तीन फूट रुंद, रिकामा आयत, आणि त्याच्या तीन बाजूंनी जाणारी एक रेघ. आकृत्या काढणे हा त्याचा धंदाच होता. गेली अठरा वर्षे तो संकेतस्थळांची मांडणी करीत होता, आणि या शहरात त्या कामाला वादविवादावाचून पर्याय नव्हता. पाइपांचा व्यापारी म्हणे, सगळ्यात वर माझ्या वडिलांचा फोटो पाहिजे. शिकवणीवर्गाच्या मालकाला पहिल्याच पडद्यावर साठ गुणवंतांचे चेहरे हवे असत. सोमनाथ त्यांना समजावी, की पान म्हणजे आठवडी बाजार नव्हे. वाचणाऱ्याचा डोळा वरच्या डाव्या कोपऱ्यात प्रवेश करतो, आडवा जातो, मग उतरतो. त्या वाटेवर जे येईल तेच असते, बाकीचे नसतेच. "रिकामी जागा वाया जात नाही," हे त्याचे आवडते वाक्य, "ती बोलते." पानाच्या मांडणीविषयी या व्यवसायात जे दोन पंथ आहेत, एक डोळ्याला मानणारा आणि दुसरा हाताला, त्यांपैकी तो पहिल्याचा कट्टर अनुयायी होता. दुसऱ्या पंथाची म्हणून त्याच्या कचेरीत श्रेया होती. वयाने त्याच्या निम्मी, आणि त्याच्याशी वाद घालायला न भिणारी. ती एकदा म्हणाली होती, "सर, माणसं पान पाहतात ते पहिल्या दिवशी. दुसऱ्या दिवसापासून ती त्यात राहायला लागतात." तो हसला होता. वाक्य चांगले आहे, म्हणाला होता, पण वाक्य चांगले असणे आणि म्हणणे खरे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आप्पांचे पानही त्यानेच केले होते. त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांवर मधोमध डाग पडला होता. कडेचे दिसे, पण ज्या वस्तूकडे पाहावे नेमकी तीच पुसली जाई. बायकोकडे पाहिले की बायको नाही, तिच्या मागचे कपाट आहे. फोनवरची नावे त्यांना वाचता येईनात तेव्हा सोमनाथने त्यांच्यापुरते एकपानी संकेतस्थळ बनवले. फोन उघडला की तेच पान समोर येई. वर डॉक्टरांचा निळा चौकोन. मध्ये धाकट्या बहिणीचा, सुरेखाचा, जी जालन्याला दिली होती, हिरवा. आणि उजवीकडे अगदी खाली, कोपऱ्यात, सोमनाथचा लाल. चौकोनाला बोट लावले की फोन लागे. लाल चौकोन कोपऱ्यात ठेवायचा हट्ट आप्पांचा. सोमनाथने तेव्हा तो मानला, कारण त्यामागचे कारण त्याला ठाऊक होते. तो दहा वर्षांचा असताना खंडेनवमीला कारखाना घरच्यांसाठी उघडा असे. यंत्रांना झेंडूच्या माळा घातलेल्या, आणि तेलाच्या वासात उदबत्तीचा वास मिसळलेला. आप्पांनी त्याला आपल्या प्रेसपाशी नेले होते. दोन तळहातांसाठी दोन हिरवी बटने, आणि खाली उजव्या हाताला कुत्र्याच्या छत्रीसारखे, यंत्र जागीच थांबवणारे एक लाल. आप्पांनी डोळे मिटले, मान दुसरीकडे फिरवली आणि हात मागून फिरवून आणून नेमका त्या लाल बटनावर ठेवला. एकदा, दोनदा, तीनदा. मग त्याला उचलून त्याचाही हात तिथे ठेवला. यंत्र आडवे-उभे रंगव, पत्रा बदल, सारे बदल, पण हे हलत नसते, ते म्हणाले होते. हे हललं तर माणसाचा हात तुटतो. त्या तळहाताचा खरखरीतपणा आणि त्याखालचे गार लाल गुळगुळीत बटन, दोन्ही त्याला आताही, मोटरसायकलच्या मुठीवर, स्पष्ट जाणवले.

मग चुकीचे फोन सुरू झाले. दिवसातून चारदा-पाचदा, आणि दुपारी चारला तर हटकून. सोमनाथ कोणाला तरी रिकाम्या जागेचे महत्त्व पटवीत असे, आणि फोन थरथरे: आप्पा. उचलला की पलीकडे पंख्याचा आवाज, फोरमनची गुरगुर, आणि मग आप्पांचा ओशाळा सूर: "चुकून लागला रे. ठेव, ठेव." पहिल्या-पहिल्यांदा तो हसे. पुढे पुढे 'हं' एवढेच म्हणे. एकदा त्याने स्पष्ट सांगितले, की मी कामात असलो की आवाज बंद करून ठेवतो, मग फोन उगाच थरथरत राहतो. दोष त्याने आप्पांना दिला नाही, हे त्याच्या बाजूने म्हटले पाहिजे; दोष त्याने मांडणीला दिला. फोन उजव्या हातात धरला की अंगठ्याची गादी नेमकी त्या कोपऱ्यावर टेकते, तेव्हा चूक अटळच होती. उपाय उघड होता. त्याने तिन्ही चौकोन वर, एका उभ्या रेषेत, एकाच मापाचे केले. लाल सर्वांत वर. आणि खालचा तिसरा हिस्सा पूर्ण रिकामा सोडला. पान सुंदर दिसू लागले. ते आप्पांच्या फोनवर आपोआप बदलणार होते, कोणी काही करायची गरज नव्हती. रविवारी जाऊन समजावून सांगायचे त्याने ठरवले, पण त्या रविवारी नळाला आठ दिवसांनी पाणी आले आणि टाक्या भरण्यात दिवस गेला; मग त्याने आईला फोनवर सांगितले, की आप्पांना म्हणावे लाल चौकोन वर गेला आहे. आई व्हय म्हणाली. चुकीचे फोन तर बदलाच्या दुसऱ्या दिवसापासूनच थांबले होते. एकही नाही. सोमनाथने ही गोष्ट नाव न घेता एका ग्राहकापुढे उदाहरण म्हणून मांडली होती: आधी दिवसाला सरासरी साडेचार चुका, नंतर शून्य. श्रेयाने विचारले होते, त्या चुकाच होत्या हे कशावरून? त्याने उत्तर दिले होते, वापरणारा स्वतःच तसे सांगतो. हा युक्तिवाद बिनतोड होता, आणि बिनतोडच राहिला, पुढचे एकवीस दिवस.

बाविसाव्या दिवशी आई गंगापूरला भावाच्या नातवाच्या जावळाला गेली. सकाळच्या एसटीने गेली, संध्याकाळी सहाला परतली. आप्पा खाटेच्या उजव्या अंगाला जमिनीवर होते, फोन हातात होता. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्ताची गुठळी; किती वाजता झाले हे कळते तर बरे होते; तीन-साडेतीन तासांच्या आत आणले असते तर काही करता आले असते. ते कोणालाच सांगता आले नाही. शेजारच्या आवडाबाई पुढे रडत म्हणाल्या, की दुपारी एकपासून ते मांजर गजात बसून एकसारखं कण्हत होतं. त्यांना वाटले भुकेले आहे, त्यांनी भाकरीचा तुकडा टाकला. त्याने तोंड लावले नाही. सुरेखा म्हणाली, आप्पांनी फोन का नाही केला? हातात होता ना? यावर जो तो गप्प राहिला, आणि सोमनाथ इतरांच्याच गप्प बसण्यात आपले गप्प बसणे मिसळून मोकळा झाला. पण एक गोष्ट त्याला एकट्याला ठाऊक होती. आपण केलेल्या प्रत्येक पानात तो एक नोंद ठेवणारी युक्ती बसवी. माणसांची बोटे पानावर कुठे, केव्हा पडली याचा ती रंगीत नकाशा काढते: थोडे स्पर्श तिथे पिवळे, पुष्कळ तिथे तांबडे. सवयीने त्याने ती आप्पांच्या पानातही बसवली होती. एक्केचाळीस दिवस तो नकाशा त्याच्यापासून दोन बोटांच्या हालचालीएवढ्या अंतरावर होता. त्याने तो उघडला नव्हता. उघडण्याचे काही कारण नाही, असे तो स्वतःशी मांडी. गेलेला माणूस गेला, माहितीने काही बदलत नाही. गुरुवारी बोक्याने नसलेल्या खाटेला वळसा घातला, आणि शुक्रवारी दुपारी साडेतीनला, शिक्षिका असलेली त्याची बायको मोनिका शाळेतून यायच्या आत, त्याने तो उघडला.

पान पडद्यावर आले: तीन चौकोन, एका रेषेत, त्याचे सुंदर पान. वरच्या लाल चौकोनावर फिकट पिवळे तीन ठिपके. ते त्याचेच, तपासणीच्या दिवशीचे. आणि खाली उजवीकडे, जिथे काही नव्हते तिथे, पांढऱ्या जागेत, एक तांबडा डाग. इतका गडद, की मधोमध तो जवळजवळ काळा झाला होता. सोमनाथ त्याच्याकडे पाहत राहिला, आणि त्याला आप्पांच्या डोळ्याची आठवण झाली. त्यांच्या डोळ्याच्या पडद्यावरचा डागही असाच दिसत असेल. मग एक वेगळीच गोष्ट त्याच्या लक्षात आली, आणि ती इतकी साधी होती की तो हातांकडे पाहू लागला. ज्याला समोरचे दिसत नाही, फक्त कडेचे दिसते, अशा माणसाच्या फोनवर त्याने महत्त्वाचा चौकोन कोपऱ्यातून काढून डोळ्यासमोर नेला होता. डोळा जिथे पहिल्यांदा पडतो तिथे. आप्पांचा डोळा जिथे पडे तिथे भोक होते. अठरा वर्षांचे त्याचे सारे शास्त्र बरोबर होते, आणि ते त्याने नेमके अशा एकाच माणसाला लावले, ज्याच्या बाबतीत ते बरोबर नव्हते.

त्याने तारखा उलगडल्या. बदलानंतरचे एकवीस दिवस: रोज चार, पाच, कधी सहा स्पर्श, रिकाम्या जागेवर, आणि दुपारी चारला हटकून एक. अंगठ्याची गादी चुकून टेकली तर ती पसरट टेकते, इकडेतिकडे टेकते. हे स्पर्श तसे नव्हते. ज्वारीच्या दाण्यावर ज्वारीचा दाणा ठेवावा तसे ते एकावर एक पडले होते. आंधळ्याने, मान दुसरीकडे फिरवून, एकतीस वर्षांच्या सरावाने ठेवलेला हात. मग बाविसावा दिवस. एक वाजून अठरा मिनिटे: एक. एक वीस: दोन. मग एकामागून एक, एकूण तेवीस. दोनपर्यंतचे सारे त्याच दाण्यावर. दोन वाजून चार मिनिटांनी पडलेला स्पर्श जरा खाली होता. पुढचा त्याहून खाली. शेवटचा पानाच्या कडेवर अर्धा. एक अठराला आपण कुठे होतो हे आठवायला त्याला प्रयत्न करावा लागला नाही. आठवण जणू वाटच पाहत होती. तो घरी होता. जेवत होता. फोन ताटाशेजारी होता, आवाज चालू होता, आणि तो एका हाताने त्यावर उंच कपाटावरून उडी मारणाऱ्या मांजरीची चित्रफीत पाहत होता.

नोंद तिथे संपायला हवी होती. संपली नव्हती. आप्पा गेल्यानंतर तीन दिवस कोरे, आणि चौथ्या दिवशी, दुपारी चार वाजून दोन मिनिटांनी, रिकाम्या कोपऱ्यात, एक स्पर्श. पाचव्या दिवशी चार वाजता. सहाव्या. दहाव्याला, तेराव्याला, खाट गेली त्या दिवशी. गुरुवारी, म्हणजे काल, तो चहा पिऊन निघाल्यानंतर दहा मिनिटांनी. त्याने पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे पाहिले. चारला तीन मिनिटे कमी होती. बाहेर पाण्याच्या टँकरचा पंप चालू होता, त्याचा आवाज एकदम फार लांब गेला. आप्पांचा फोन त्यांच्या तसबिरीपुढे ठेवलेला असतो, हे त्याला माहीत होते. आई तो रोज चार्ज करते, हेही माहीत होते, आणि त्याचा अर्थ त्याने श्रद्धा असा लावला होता. बोक्याचा पंजा पडत असेल, त्याने स्वतःशी मांडले. मांजरीच्या तळव्याला पडदा प्रतिसाद देतो, हे सिद्ध आहे. मांजरींना वेळ कळते, हेही. पण ज्वारीच्या दाण्यावर दाणा? नको, असे तो म्हणाला. कोणाला ते त्याला कळले नाही. चार वाजून एक मिनिट झाले. तांबड्या डागात, मधोमध, एक नवा पिवळा ठिपका उमटला.

तो तसाच मोटरसायकलवर आईकडे निघाला. गल्लीत वळला तेव्हा फोरमन आधीच गजात येऊन बसलेला त्याला दिसला. आई दारातच होती. काल आला आणि आज पुन्हा, म्हणून तिच्या चेहऱ्यावर काळजी होती. तब्येतपाणी, पोरं, मोनिका, सगळ्यांची विचारपूस तिने उंबऱ्यातच आटोपली. तसबिरीपुढे फोन होता, आणि फोनशेजारी एक बत्तासा. तो उभ्याउभ्याच म्हणाला,

"आई, आप्पांच्या फोनला रोज चारला कोण हात लावतं?"

"मीच. दुसरं कोण हाय इथं? फोरमन?" ती जराशी हसली, आणि त्याचा चेहरा पाहून थांबली. "पयल्या पाळीचा माणूस चारला घरी येतो. एकतीस वर्सं तसंच व्हतं. मंग रिटायर झाले, तरी चारला तुला लावायचे. घरी आलो म्हणून सांगायला. अन् तू उचलला, की लाजायचे."

"मग तू का लावतेस?"

"कुणीतर लावाया पायजे ना."

"माझा फोन वाजत नाही, आई."

"म्हाईत हाय. तू कामात आवाज बंद करतोस. त्यांनीच सांगितलं व्हतं." मग, पदराने तसबिरीची काच पुसत, कसलाही दोष न देता, हवापाण्याविषयी बोलावे तसे ती म्हणाली, "त्या दिवशीबी त्यांनी लावला असंल. तू कामात असशील. मी सुरेखालाबी तेच म्हणले, त्याचं कामच तसलं हाय."

सोमनाथ आयुष्यभर वाद घालत आला होता, आणि प्रत्येक वादात आपली बाजू कोणती हे त्याला आधी ठाऊक असे. आता त्याच्यापुढे दोन बाजू होत्या आणि दोन्ही त्याच्याच होत्या. गप्प राहिला तर तो, बापाचा फोन वाजत असताना कामामुळे न उचलणारा, पण क्षमा मिळालेला मुलगा. ती क्षमा एक्केचाळीस दिवसांपूर्वीच देऊन झाली होती, तिची घडी घालून ठेवलेली होती. त्याने नुसता हात पुढे करायचा होता. बोलला तर आईला कळणार होते, की माणूस पाऊण तास पांढऱ्या कोऱ्या जागेवर बोट दाबत मेला. तेव्हा मुलगा मोकळा होता. आणि ती जागा कोरी त्या मुलानेच, सुंदर दिसावी म्हणून, केली होती. पहिले खोटे होते आणि सोसवण्यासारखे होते. फोरमन गजांतून उतरला. भिंतीच्या कडेने चार पावले गेला, वळला, अंग चोरले, पाठ वाकवली. आई त्याच्याकडे पाहतही नव्हती. तिला त्यात पाहण्यासारखे काही वाटत नव्हते. सोमनाथच्या पाहण्यात आले, की तसबिरीपासून स्वयंपाकघराकडे जाताना तीही त्याच वाटेने गेली, कपाटाच्या बाजूने, पदर आवरून घेत.

"मी कामात नव्हतो," तो म्हणाला. "फोन माझ्याजवळ होता. तो वाजलाच नाही. तू दाबतेस तिथं चौकोन नाहीये, आई. मी तो हलवला. तिथं आता काहीच नाही. आप्पांनी त्या दिवशी तेवीस वेळा तिथं दाबलं."

भागूबाई उंबऱ्यात खाली बसली. बराच वेळ ती हाताने फरशीवरची नसलेली धूळ एका बाजूला सारत राहिली. रडेल असे त्याला वाटले होते. ती रडली नाही.

"तसं तू बोलला व्हतास मला फोनवर," ती अखेर म्हणाली. "मी त्याच दिवशी सांगितलं त्यांना. लाल चौकोन वर नेला म्हणतोय पोरगा."

"सांगितलं होतंस?"

"व्हय. हसले. म्हणले, भागू, तुला नीट कळलं नसंल. लाल बटन कुणी हलवत नसतं. अन् आपला सोमनाथ तर न्हाईच हलवणार, त्याला मी ल्हानपणी हात धरून दाखवलंय." तिने हात थांबवला. "मंग मलाबी वाटलं, माझ्याच ध्यानात चुकीचं राहिलं असंल. मी काय, अडाणी."

त्याने पिशवीतून संगणक काढला. जमिनीवरच, चार फिकट डागांच्या बाहेर बसून, त्याने ते पान उघडले. बदल करायला एक मिनिट लागले. दोन आकडे होते, आडवा आणि उभा, आणि जुने आकडे त्याला पाठ होते, याचे त्याला आश्चर्य वाटले. लाल चौकोन वरून निघाला आणि खाली उजव्या कोपऱ्यात जाऊन बसला. पान वाकडे दिसू लागले, एका अंगाला कललेले. कोणाही ग्राहकाला त्याने ते दाखवले नसते. नकाशावर तो चौकोन आणि तो तांबडा डाग तंतोतंत एकावर एक आले. कुठेही केसाचे अंतर राहिले नाही.

"आता दाब," तो म्हणाला.

आईने हात पुसले, तसबिरीपुढचा फोन घेतला, आणि त्याच्याकडे न पाहता, खिडकीबाहेर पाहत, कोपऱ्यात अंगठा ठेवला. सोमनाथच्या खिशात फोन थरथरला आणि मग मोठ्याने वाजू लागला. पडद्यावर नाव आले: आप्पा. फोरमनने आतून धावत येऊन उंबऱ्यात कान टवकारले. तो ना आईकडे पाहत होता ना त्याच्याकडे, दोघांच्या मधल्या जागेकडे पाहत होता. तीनदा वाजेपर्यंत सोमनाथला फोन कानाशी नेता आला नाही. मग त्याने उचलला. एका कानात खोलीतला पंखा होता, दुसऱ्या कानात तोच पंखा, जरा मागून येणारा, जरा जुना.

"कामात हाय का रे?" आईने फोनमध्ये विचारले. दहा फुटांवर ती त्याच्याकडे पाठ करून उभी होती.

"नाही," तो म्हणाला. "बोल."

पलीकडे नुसता पंख्याचा आवाज आला.

"काय नाय," ती म्हणाली. "चुकून लागला."

तिचे खांदे हलत आहेत हे त्याला दिसले. तो उठला, आणि फोन कानाशी तसाच धरून तिच्याकडे निघाला: भिंतीच्या कडेने चार पावले, मग डावीकडे, मग कपाटाला अंग घासत, खाटेला धक्का लागू न देता.